भिंतीवरचं नाशिक

किल्ल्यांवर नावं कोरणाऱ्यांना तुम्ही शिव्या घालताय, पण त्यांच्यापायी माझी सौदीतल्या हाइल शहरात काय शोभा झाली ते ऐका.

तिथं एक जुनं मातीचं घर आहे. आजूबाजूची सगळी पाडून दुकानं झाली, हे एकच मालकानं, एका म्हाताऱ्या सौदीनं, हट्टानं राखलंय. मी आणि बायको बघायला गेलो. आम्ही भारतातले म्हटल्यावर म्हातारा मला हाताला धरून एका भिंतीपाशी घेऊन गेला. गवंडी ओला चिखल घेऊन उभाच होता.

"ही तुमच्याकडची लिपी ना? बुजवायच्या आधी सांग, काय लिहिलंय?"

खिळ्यानं चांगलं खोल कोरलेलं: 'संतोष आणि वैशाली, नाशिक'.

मीही नाशिकचाच. कान गरम झाले, आणि मोडक्यातोडक्या अरबीत बोलून गेलो, "लिहिलंय, हे घर जपणाऱ्याला देव सुखी ठेवो."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. गवंड्याला म्हणाला, "खलास! याला हात लावायचा नाही."

"अरे, खरं सांग ना त्यांना," बायको कुजबुजली. मी तिलाच दाराकडे ओढलं.

गेल्या आठवड्यात परत गेलो, तर त्या नावांवर चक्क काच बसवलेली! म्हाताऱ्यानं मला मिठी मारली आणि घर बघायला आलेल्या पाहुण्यांना सांगितलं, "जुन्या वास्तूंची कदर करावी ती यांच्या लोकांनी."

मी मान खाली घातली.

"आणि बघा," तो म्हणाला, "किती नम्र!"