मी जाड, मगन फिट

...आणि मला म्हणे जाड, तुम्हाला सांगतो, मला, म्हणजे केळीचे घड खांद्यावर टाकून ट्रक भरणाऱ्या, पहूरच्या आखाड्यात माती अंगाला लावून वाढलेल्या अभिमनला, ज्याच्या पोटावर बुक्की मारली तर मारणाऱ्याचाच हात दुखतो! शाळेत आरोग्य शिबिर भरलं, डॉक्टरांनी वजन केलं, उंची मोजली, वजनाला उंचीच्या वर्गानं भागलं आणि म्हणाले, "बत्तीस. तीसच्या वर म्हणजे स्थूल." आता सांगा, आकड्यापुढे माणसानं काय बोलायचं?

रांगेत माझ्या मागे मेहुणा मगन, बायकोचा भाऊ. कचेरीत कारकून, जेवायला आमच्याकडे. हातपाय काटक्या, पोट मात्र सदऱ्याची बटणं ताणणारं. त्याचा आकडा तेवीस. "एकदम प्रमाणात," म्हणाले. पुढे डॉक्टर आणखी काही सांगत होते, पण मगननं घर गाठलंसुद्धा.

बायको सुनंदाबाई साक्रीकडची, तापली की अहिराणीत बोलते. "डॉक्टरना आकडा खोटा शे का?" झालं... माझं तूप बंद, शेवभाजीवरची तर्री बंद, मला नुसती कोरडी भाकरी, आणि ते सगळं मगनच्या ताटात. तो मिशीला तूप पुसत मला म्हणतो, "दाजी, जरा फिरत जा." दिवसभर घड वाहणाऱ्याला!

पण मगन मधेच तांब्याच्या तांब्या पाणी प्यायला लागला, जेवता जेवता डुलक्या घ्यायला लागला. मी म्हटलं, "सुनंदे, ह्याचं काहीतरी बिघडलंय." ती म्हणाली, तुम्हाला त्याचं तूप दिसतं. आणि एका दुपारी तो अंगणात कोसळला. रिक्षा नाही, बैलगाडी शेतात. टाकला खांद्यावर आणि निघालो दवाखान्यात. उपाशी अंग, आणि हा कानाशी पुटपुटतोय, "दाजी, मी मरतो का हो?" इतके दिवस ज्याचा राग केला, त्याला म्हटलं, "गप पड, मी आहे ना."

तेच डॉक्टर. मगनची साखर भलतीच वाढलेली. सलाइन लावलं, इंजेक्शन दिलं, संध्याकाळी तो डोळे उघडून बोलायला लागला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी टेप घेऊन दोघांच्या कमरा मोजल्या आणि कपाळाला हात लावला. "अहो, काट्याला मांस कोणतं, चरबी कोणती, कळत नाही. तो नुसता अंदाज, पोटही बघावं लागतं, साखरही. हेच शिबिरात सांगत होतो, थांबलं कोण? पहिलवान, तुम्ही ठणठणीत आहात. पथ्य ह्यांना."

घरी आलो. मगनचं तूप, गूळ, सगळं बंद. मी हात धुऊन ताटावर बसलो, म्हटलं, वाढ. तर ताटात तीच कोरडी भाकरी. म्हटलं, "आणि तूप?" ती हळूच म्हणाली, "त्याना समोर तुम्ही एकलाच तूप खाशात? बरं दिसस का ते?"

खातोय कोरडी.