पिंप एक, अळ्या शून्य

…आणि वर त्या आरोग्य खात्याच्या बाई मलाच विचारतात, घरात माणसं किती? मी म्हटलं तीन. मग म्हटलं दोन. बाई म्हणाल्या, "नक्की किती, दादा?" अहो, नऊ दिवसांपूर्वी तीन होतो, ताई डेंग्यूनं गेली, आई आणि मी उरलो, हे अजून तोंडात बसलेलं नाही… यात माझं काय चुकलं?

तर तुम्हाला सांगतो, झालं असं. सकाळी शेजारच्या काकूंनी जिन्यातून हाक मारली, "अळ्या बघणारे आलेत रे, पाणी ओता, नाहीतर दारावर नोटीस चिकटवतात." आमच्या गल्लीत ही रीतच आहे, ते वळणावर दिसले की घराघरांतून पाणी धो धो. मीही मोरीतलं पिंप धरलं आणि केलं उपडं. आत बघितलं नाही, काही नाही. वर ब्रशनं घासलंसुद्धा. आई म्हणाली, "दर शनिवारी घास म्हणून ताई कानीकपाळी ओरडायची, तेव्हा नाही घासलंस, आणि आज…" मी म्हटलं, माझं काय चुकलं? तर उठून आत गेली.

बाई आल्या, पिंपात बॅटरी मारली, कागदावर लिहिलं, पिंप एक, अळ्या शून्य. मी विचारलं, "म्हणजे ताईला चावला तो डास आमच्या घरचा नव्हता ना?"

"तसं सांगता येत नाही. हा डास दिवसा चावतो. ताई दिवसा कुठं असायच्या?"

"शिवणाच्या कारखान्यात. सुट्टीला घरी."

"तिथंही जाऊन आलो. शून्य. सगळी पिंपं नुकतीच ओतलेली."

आता बघा, ताई गेली, गल्लीत अकरा जण तापानं पडलेत, आणि अळी कुठंच नाही. मग चावलं कोण, मी?

म्हटलं, "बाई, आमच्याकडे होत्या असं लिहा. नाहीतर नव्हत्या असं तरी ठाम सांगा. मला झोप लागत नाही हो."

"न बघता कसं सांगू?"

"मग शून्य कसं लिहिलंत?"

"रिकाम्या पिंपात कुठून असणार, दादा?"

तेही बरोबर. मग मी धावत खाली गेलो, गटारापाशी पालथा पडलो, म्हटलं वाहून गेलेली एखादी तरी दिसेल. काकू वरून म्हणतात, "काय शोधतोयस रे?" म्हटलं, आमचं पाणी. तर म्हणतात, "त्यात आमचंही आहे की."

वर आलो तर बाईंनी दारावर खडूनं बरोबरची खूण केलेली, आणि काकूंना सांगत होत्या, "पिंप असं ठेवावं, शिका जरा यांच्याकडून." चौथीत शाळा सोडली मी, तोवर माझ्या पाटीवर अशी खूण कधी आली नव्हती… आता माझं काय चुकलं, हे कुणाला विचारायचीही सोय राहिली नाही. दारावर बरोबर दिलंय.