चंद्रीचं छापून आलतं की वो!

...आणि वर मलाच म्हणत्यात, "गुंडू, थापा मारतोस!" थापा? तुम्हाला सांगतो पावणं, छापून आलतं की वो! काळ्या शाईनं, शुक्रवारच्या पेपरात, दुसऱ्या पानावर! आख्ख्या पेठेनं वाचलं आणि आख्ख्या पेठेनं फाडलं. आता मी दाखवू काय, कपाळ?

थांबा, असं न्हाय कळायचं, पहिल्यापासनं सांगतो. मी गंगावेशीत दूध घालतो. गिऱ्हाइकाच्या म्होरं धार काढून! पाण्याचा थेंब न्हाय... हसतंय कोण तिकडं? पाण्याचं ऱ्हाऊ दे, म्हशीचं ऐका. माझी म्हस चंद्री. पाडव्याला म्हशी नटवून पळवत्यात न्हवं आपल्यात, शिंगं रंगवून, गळ्यात कवड्यांची माळ घालून? मालकानं म्होरं पळत हाळी द्यायची आणि म्हशीनं गर्दी फोडून त्याच्या मागं यायचं. तर चंद्री अशी आली, अशी आली, की मी ठेचकाळून पडलो तरी थांबली न्हाय, माझ्यावरनंच गेली! पहिला नंबर! मानाचा फेटा मी लंगडत घेतला.

आता आमची बना लग्नाची. हुपरीच्या बाळासोंचं स्थळ आलेलं. चांदीचे पैंजण घडवणारं घर, पोरगा सोन्यासारखा. आणि माझ्या जिभेला हाड न्हाय! बोलून गेलो, "पावणं, आमचं घर साधं समजू नका, आमचं नाव पेपरात यणार हाय." बाळासो मिशीला पीळ देत म्हणाले, "येऊ द्या की. पेपर आणा, वाचून दाखवा, त्याच दिवशी सुपारी फोडू. तोंडच्या गप्पा लई ऐकल्यात आम्ही." झालं! पोरीचं लग्न म्हशीच्या बातमीला टांगलं. टांगलं कुणी? मीच!

आमच्या पेठेत आकारामतात्यांचा छापखाना. तात्याच बातमी आणणार, तात्याच अक्षरांचे खिळे जुळवणार, तात्याच छापणार आणि तात्याच घरोघर वाटणार. पहिल्या पानावर सरकारांच्या दरबाराचं आणि राधानगरीच्या धरणाचं, दुसऱ्या पानावर आपल्यातलं... कुणाचा बैल हरवला, कुणाच्या परड्यात भोपळा केवढा झाला. तात्यांनी चंद्रीचं छापलं. शब्दाला जागले. पण त्याच आठवड्यात त्यांच्या डोक्यात काय किडा आला, तर म्हणाले, "ह्या शुक्रवारपासनं गावातली मयतं बी छापायची." आणि शुक्रवार पेठेतली बयाबाई, नव्वदीची म्हातारी, त्याच बुधवारी गेली. छापली. कुठं छापली? माझ्या चंद्रीच्या डोक्यावर!

आता तुम्हीच सांगा, मयताची चिठ्ठी घरात कोण ठेवतं का? वाचली की फाडली, ही आपली रीत. लोकांनी पेपर वाचला, "अरेरे" म्हटलं, आणि टर्रकन्...! मी दारोदार फिरलो. "मावशी, पेपर हाय?" "फाडला बाबा." "अण्णा, तुमचा?" "इस्तू पेटलेलाच हुता, घातला." अहो, खाली चंद्री हुती! "हुती की, वाचली, ब्येस म्हस हाय. पण मयताचं घरात ठेवत्यात व्हय?"

पळत छापखान्यात गेलो. "तात्या, पुन्यांदा छापा." तात्या चष्म्यावरनं बघत म्हणाले, "खिळे मोडले, गुंडू. खिळे हायतच किती माझ्याकडं? तुझी चंद्री आता लिलावाच्या जाहिरातीत बसलीय." म्हटलं, तुमच्याजवळची एक प्रत तरी? तात्यांनी मान खाली घातली. "आमच्या हिनं चुलीत घातली." छापणाऱ्याच्या घरात न्हाय, तिथं माझ्या घरात कुठनं असणार? छापून आलतं की वो!

शेवटाला नबीलाल आठवला. वह्या बांधतो, मशिदीच्या कोपऱ्यावर बसतो. त्याच्याकडं पेपर! सबंध! म्हणाला, "गुंडूभाऊ, आमच्यात न्हाईत फाडत. खळ लावून पुठ्ठ्याला चिकटवणारच हुतो, बरं झालं आलास." मी त्याला मिठी मारली, खळीसकट. त्यानं वाचून दाखवलं, "गंगावेशीतील गुंडू यांच्या चंद्री नामक म्हशीने..." नामक! माझ्या डोळ्यात पाणी आलं. चंद्रीला कुणी नामक म्हणंल असं वाटलं नव्हतं मला.

दुसऱ्या दिवशी मानाचा फेटा बांधला, तोंडभर हसू घेतलं आणि पाच कोस चालत हुपरी गाठली. बाळासोंनी आळी गोळा केली, वाचायला पिराजी मास्तरांना बोलावलं. मास्तरांनी पेपर धरला, खाकरले. म्हटलं, "मास्तर, खालचं वाचा, खालचं!" मास्तर म्हणाले, "पावणं, वरनं खाली वाचत्यात." आणि लागले की वाचायला, "शुक्रवार पेठेतील बयाबाई यांचे वृद्धापकाळाने निधन..."

बाळासो ताडकन् उठले. "कोण? आमची आत्ती?"

मला काय ठाऊक वो, ती त्यांची आत्ती म्हणून! बायकांनी हंबरडा फोडला. बाळासोंनी मास्तरांच्या हातातनं पेपर घेतला आणि... सांगायला पायजे व्हय? फाडला! चंद्रीचे चार तुकडे अंगणात. सगळी आळी आंघोळीला गेली आणि मी फेटा बांधून एकटाच उभा. हसू तसंच तोंडावर, काढायचं सुचलंच न्हाय. वाटभर रडत आलो. पोरीचं नशीब माझ्या तोंडानं फाडलं, दुसरं काय?

आणि पंधरा दिसांनी बाळासो माझ्या दारात! म्हणाले, "पावणं, कोल्हापूरच्या भावकीशी आमचं वाकडं, त्यांनी सांगावाच धाडला न्हाय. तुम्ही नात्याचं ना गोत्याचं, पाच कोस चालत आलासा. म्हातारीच्या मानापायी फेटा बांधून आलासा. आम्हाला धक्का बसू ने म्हणून हसत आलासा! असं घर सोडत्यात व्हय? सुपारी फोडू." मी म्हटलं, "तसं न्हवं, ती चंद्री..." तर आमच्या कारभारणीनं, चिमणाबाईनं, मागनं असा चिमटा काढला, अजून वळ हाय. फुटली सुपारी.

तात्यांनी ते बी छापलं. "बयाबाईंच्या निधनाची वार्ता स्वतः चालत जाऊन पोचविणारे सद्गृहस्थ गुंडू." सद्गृहस्थ! आख्ख्या पेठेनं वाचलं, "अरेरे" म्हटलं, आणि टर्रकन्...! दोनदा आलं वो नाव, दोनदा! एक कागद न्हाय घरात. गावात कुणाला चंद्रीचं सांगावं तर म्हणत्यात, "थापा मारतोस!"

काल तात्या आलते. म्हणाले, "गुंडू, बनाच्या लग्नाची बातमी घालतो, दुसऱ्या पानावर, ठळक." म्हटलं, घाला की तात्या, तुमच्या म्होरं माझं काय चालतंय? फक्त एवढं आधी सांगा... त्या आठवड्यात जायचं कुणाचं ठरलंय?