मसणवट्यातली रेंज

हसू नका लेकहो, पण मी गोंदियात कॉलेजच्या पोरांना मोबाइल नेटवर्क शिकवतो आणि माझ्या गावात रेंज फक्त मसणवट्यात येते. दवनीवाड्याच्या पुढं गाव आमचं. फोन लावायचा असला की माणसं तिकडं जाऊन उभी राहतात. बायांनी तिथं जायचं नाही, म्हणून आई कधी गेलीच नाही. तिचा फोन काका दोन-चार दिवसांनी तिकडं नेऊन आणायचा, तेव्हा माझे मेसेज तिला मिळायचे.

गावी गेलो की मी तिच्यावर चिडायचो. "फोन काऊन नाही लावत?"

"बायामाणसानं तिथी जावाचा नसते बाबू. तू मास्तर आहेस ना? मंग रेंज घरी आणून दे."

टॉवरसाठी अर्ज करतो म्हणालो. केला नाही.

मागच्या महिन्यात एका सकाळी काकाचा फोन आला, मसणवट्यातून. आई गेली होती.

दुपारी तिला घेऊन आम्ही तिथंच गेलो. तिचा फोन कोणीतरी माझ्या खिशात टाकला होता. सरणाला अग्नी देणार, तर तो टिंग टिंग वाजायलाच लागला. काका खेकसला, "बंद कर ना बे! कोण मेसेज पाठवून राहिला आता?"

मीच. दोन दिवसांचे माझे मेसेज तिला आत्ता मिळून राहिले होते. शेवटचा होता, "आई, बरी आहेस ना? फोन लाव."