स्वयंपाकघरातला भोंगा

आयलीन : थांबा, बोलू नका. आता परत वाजेल... हं, हे! ऐकलंत?

मर्डो : काय?

आयलीन : टिक् करून वाजलं ते. मी आल्यापासून चाललंय.

मर्डो : फ्रिज असेल.

आयलीन : फ्रिज नाही बाबा. वर बघा, तुमच्या डोक्यावर. गेल्या हिवाळ्यात मी छताला लावून गेले तो अलार्म. बॅटरी मरायला टेकली की असा कुरकुरतो. तुमची कानातली मशिनं कुठे आहेत?

मर्डो : वर, पेल्यात. घातली की नुसती घरघर ऐकू येते. जन्मभर बोटीच्या इंजिनाजवळ उभा राहिलो, तेच अजून कानात चालू आहे. आणि तू एवढ्यासाठी इनव्हर्नेसहून गाडी काढून आलीस?

आयलीन : शेजारच्या मिसेस गिलीसचा फोन आला होता.

मर्डो : तिला दुसरा उद्योग काय आहे!

आयलीन : म्हणाल्या, तुझ्या वडिलांकडचा भोंगा रोज दुपारी बोंबलतो. आधी बिचाऱ्या अनवाणी धावत आल्या. तुम्ही दारात उभं राहून सांगितलंत, टोस्ट करपला.

मर्डो : करपला होता.

आयलीन : टोस्ट करपून हा वाजत नाही. म्हणून तर पॅसेजमध्ये आणि बैठकीत धुराचे लावले आणि इथे हा उष्णतेचा लावला. तळणाचा धूर झाला तरी हा ढिम्म राहतो. खरोखरची आच छताशी पोचली तरच ओरडतो, आणि मग बाकीचे दोघंही त्याच्यासोबत ओरडतात. हे सगळं मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं.

मर्डो : सांगितलं असशील.

आयलीन : शिडी धरा जरा. नवीन आणलाय मी, बदलूनच टाकते. आई काय करतेय?

मर्डो : बसलीय खिडकीशी. बंदरात शिरणाऱ्या बोटी बघते. कुठल्याच बोटीचं नाव आता येत नाही तिला, पण बघते.

आयलीन : जेवली?

मर्डो : दोन बटाटे. हेरिंग मासा तळून दिला होता ओटच्या पिठात घोळवून, तिच्याच पद्धतीने. नुसता चिवडला. मला म्हणाली, आपण उगाच त्रास घेतलात. "आपण"!

आयलीन : बाबा, छत कधी रंगवलंत?

मर्डो : काय?

आयलीन : छत! पांढरंशुभ्र दिसतंय. भिंती तशाच पिवळ्या आणि छत तेवढं नवं.

मर्डो : पिवळं पडलं होतं. हाताला काम हवं म्हणून मारला एक हात.

आयलीन : आणि या अलार्मवरही मारलात? सगळी जाळी बुजलीय बाबा! याला रंग लावायचा नसतो. महिन्याकाठी वरची धूळ झटकायची, एकदा बटण दाबून बघायचं, बाकी हात लावायचा नाही. इतकं सोपं होतं.

मर्डो : ब्रश लागला असेल जाता जाता. पण चालू आहे तो. बटण दाबलं की वाजतो.

आयलीन : बटण दाबल्यावर नुसता भोंगा वाजतो. आच कळायला गरम हवा या फटींतून आत जावी लागते. फटी बुजल्या की हा आंधळा. खाली घर जळालं तरी याला पत्ता लागणार नाही.

मर्डो : काय म्हणालीस?

आयलीन : घर जळालं तरी वाजणार नाही म्हणाले.

मर्डो : म्हणजे, आच दिली तरी नाही?

आयलीन : नाही. का?

मर्डो : काही नाही.

आयलीन : हे खड्डे कसले? बटणाभोवती सगळं चेपलंय. कशाने तरी ढोसल्यासारखं... बाबा, झाडूच्या दांड्याने दाबता तुम्ही हे?

मर्डो : तूच म्हणालीस ना, दाबून बघा म्हणून?

आयलीन : महिन्यातून एकदा म्हणाले होते. रोज नाही! म्हणून बॅटरी मेली. म्हणजे मिसेस गिलीस खरं सांगत होत्या. आणि आई? तिला सोसतो हा आवाज?

मर्डो : घाबरते.

आयलीन : घाबरते म्हणजे काय करते?

मर्डो : कान झाकते. हल्ली टेबलाखाली जाऊन बसते. मग मी तिला हात धरून बाहेर काढतो.

आयलीन : आणि दुसऱ्या दिवशी परत दाबता?

मर्डो : हं.

आयलीन : मी शिडीवरून खाली येतेय. बसा इथे समोर. तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना बाबा? त्या बाईला स्वतःचं नाव धड आठवत नाही, आणि तुम्ही रोज तिच्या डोक्यावर हा भोंगा वाजवता? गंमत वाटते?

मर्डो : ओरडू नकोस. ऐकेल ती.

आयलीन : मग बोला.

मर्डो : तिने सांगू नको म्हणून सांगितलंय.

आयलीन : कुणी?

मर्डो : तुझ्या आईने.

आयलीन : बाबा, आई गेल्या वर्षभरात ओळखीचं एक वाक्य बोललेली नाही.

मर्डो : बोलली. त्या दिवशी बोलली. इथे आग लागली होती, पोरी.

आयलीन : कधी?

मर्डो : वसंतात. मी जेवून वर पडलो होतो, कानातलं काढून ठेवलेलं. ती खाली आली असणार. कढईत तेल ओतलं, विजेची शेगडी लावली, आणि विसरून बैठकीत जाऊन बसली. तेलाने पेट घेतला. तुझा हा भोंगा वाजला, पण मला मढ्याला काय ऐकू येतंय! मला जाग आली ती कुणीतरी खांदा गदागदा हलवतंय म्हणून. डोळे उघडले तर पेगी. म्हणाली, "मर्डो, ऊठ. तेल पेटलंय खाली."

आयलीन : नाव घेतलं तुमचं?

मर्डो : मर्डो म्हणाली. "ऊठ" म्हणाली. ते अहो-आपण काही नाही. लग्न झाल्यापासून जशी हाक मारायची तशी. आणि मी धडपडत खाली आलो, नळाखाली भांडं धरलं, तर माझ्या हातावर फटका मारला तिने! "पाणी ओतून सगळ्यांना जाळायचंय का?" भिंतीवरचं शेगडीचं बटण तिनेच बंद केलं. फडकं भिजवलं, घट्ट पिळलं, कढईवर असं अलगद पसरलं. हात जराही कापला नाही गं. मी नुसता दारात उभा.

आयलीन : मग?

मर्डो : मग बाहेर कुंपणाच्या भिंतीवर जाऊन बसलो दोघं. धूर जाईपर्यंत. तिने माझ्या हाताची काजळी पुसली आणि म्हणाली, "आयलीनला कळवू नकोस. धावत येईल, आणि मला कुठेतरी नेऊन ठेवील." तुझं नाव नीट घेतलं. आम्ही पहिल्या बोटीला काय रंग दिला होता, तेही बोलली. मला आठवत नव्हता, तिला आठवला.

आयलीन : किती वेळ होती अशी?

मर्डो : चहा होईपर्यंत. मी आत जाऊन चहा करून आणला, कप हातात दिला, तर म्हणाली, "आभारी आहे. आपण इथलेच का?"

आयलीन : तुम्हाला? तुम्हाला विचारलं असं?

मर्डो : रडू नकोस. मी पण रडलो नाही. छत काळं झालं होतं, ते दोन दिवसांत रंगवून टाकलं. तिने सांगितलं होतं ना, कळवू नकोस. तेवढं एक तर पाळायला हवं होतं मला.

आयलीन : आणि मग बटण दाबायला लागलात.

मर्डो : मला वाटलं, त्या आवाजाने आली होती. परत येईल. पहिल्यांदा दाबलं तेव्हा आली बघ दारापर्यंत. माझ्याकडे बघितलं. मी शपथ घेऊन सांगतो, ओळखीचं बघितलं. मग डोळ्यांतलं सगळं विझलं. म्हणून दुसऱ्या दिवशी परत दाबलं. इंजिन एकदा फुरफुरलं की माणूस दोरी ओढत राहतो ना, तसं.

आयलीन : ती घाबरत होती बाबा.

मर्डो : माहीत आहे मला. रोज ठरवायचो, आज नाही. आणि जेवण झालं की हात झाडूकडे जायचा.

आयलीन : बरं. झालं ते झालं. आता हा नवा लावते. कुणी याला हात लावायचा नाही. शेगडीला बाहेरून कुलूप बसवून घेऊ. तसा मिळतो खटका, किल्ली तुमच्याकडे. मी आठवड्याला येईन. आणि मिसेस गिलीसना...

मर्डो : आयलीन.

आयलीन : काय?

मर्डो : अजून आहे.

आयलीन : काय अजून?

मर्डो : शेगडीमागची फरशी बघ.

आयलीन : ही? ही काळी झालीय. पण ही आग तर वसंतातली... बाबा, हा डाग ओला आहे. हाताला तेलकट लागतोय.

मर्डो : गेल्या आठवड्यातला आहे.

आयलीन : आईने परत कढई ठेवली? आणि हा वाजलाच नाही, रंगामुळे! अरे देवा. बघितलंत? नशीब तुम्ही जागे होतात.

मर्डो : तिने नाही ठेवली.

आयलीन : मग?

मर्डो : नुसत्या आवाजाने येत नव्हती. मला वाटलं, तिला कळतं. आग नाही, म्हातारा खोटं वाजवतोय, हे कळतं तिला. खरंखुरं असलं तर उठेल.

आयलीन : नाही. बाबा, नाही.

मर्डो : तेल ओतलं. आच पूर्ण केली. धूर घरभर नको म्हणून पॅसेजचं दार लावलं, आणि इथे, या दाराशी उभा राहिलो.

आयलीन : आई कुठे होती?

मर्डो : खुर्चीत.

आयलीन : बैठकीत?

मर्डो : इथे. या टेबलाशी. मीच आणून बसवली होती. वाटलं, आग समोर दिसायला हवी.

आयलीन : गप्प बसा. एक मिनिट काही बोलू नका.

मर्डो : मी वाट बघत होतो भोंग्याची. म्हटलं, आता वाजेल, मग ती म्हणेल मर्डो. कानात मशीन घातली होती त्या दिवशी, ऐकायला म्हणून. वाजलाच नाही. ज्वाळा वर आली. ती बघत होती ज्वाळेकडे, शेकोटीकडे बघावं तशी. दोन्ही हात पुढे केले, शेकायला. मग माझा धीर सुटला. फडकं टाकलं मी. हे बघ, मनगट.

आयलीन : हे मला आल्या आल्या दाखवायला हवं होतं. फोड फुटलाय. डॉक्टरला दाखवलं?

मर्डो : काय सांगू त्यांना?

आयलीन : तुम्ही तिला मारलं असतंत.

मर्डो : हो.

आयलीन : दोघंही मेला असतात. मला फोन आला असता, म्हातारीने विसरून कढई ठेवली. मी जन्मभर तेच खरं धरून चालले असते.

मर्डो : हो.

आयलीन : नुसतं हो काय म्हणता!

मर्डो : मग काय म्हणू? तिला ने, पोरी.

आयलीन : काय?

मर्डो : इनव्हर्नेसला तू बघून आली होतीस ना ती जागा, जिथे अशांना ठेवतात? मी तेव्हा तुला घरातून हाकलली होती. तिथे ने. आजच ने.

आयलीन : आईला जायचं नव्हतं. तुम्हीच सांगितलंत आत्ता.

मर्डो : नव्हतं जायचं. पण तिला त्या दिवशी काय माहीत, जपायचं कुणापासून आहे ते? तू नवा भोंगा लावशील, कुलूप लावशील. किल्ली माझ्याकडे ठेवशील. मी परत करीन आयलीन. आत्ता तुझ्यासमोर बसून नको म्हणतोय, पण दुपार झाली, घर गप्प झालं, की मी परत करीन. मी ओळखतो मला.

आयलीन : तुम्ही पण चला मग. माझ्याकडे राहा.

मर्डो : मग बघू माझं. आधी ती. तिचे गरम कपडे वरच्या कपाटात आहेत. निळा कोट तिला आवडतो.

आयलीन : त्यांना फोन करून विचारावं लागेल. आज नसेल जागा तर माझ्याकडे झोपेल.

मर्डो : कर फोन. मी शिडी धरतो, आधी ते लाव. घर रिकामं असलं तरी असू दे वर.

आयलीन : घर रिकामं नाही. तुम्ही आहात घरात. द्या इकडे तो पेचकस. आणि हे घ्या, जुना. पिशवीत टाका.

मर्डो : हलका आहे गं. आत काय असतं याच्या?

आयलीन : काही नाही विशेष. बसला बघा. आता एकदा दाबून बघावं लागेल, नाहीतर बाकीच्या दोघांशी जुळला की नाही ते कळणार नाही. आईला धरा तुम्ही. हात घट्ट धरा तिचे, म्हणजे घाबरणार नाही.

पेगी : नमस्कार. आत येऊ का? पाहुणे आलेत वाटतं.

आयलीन : ये आई, ये. बस इथे.

पेगी : सांभाळून हं मुली, शिडीवर. तुझ्या आईला काळजी लागेल.

आयलीन : आता मोठा आवाज होईल, आई. थोडाच वेळ. बाबा, धरलंत?

(भोंगा तिन्ही खोल्यांतून एकदम वाजतो, आणि थांबतो.)

आयलीन : झालं. संपलं आई. घाबरलीस?

पेगी : मी? छे गं. मला सवय आहे. ते गृहस्थ आहेत ना, हेच, ते रोज वाजवतात. स्वभावाने चांगले आहेत. कुणाला तरी बोलावत असतील बिचारे. कुणी येत नाही त्यांच्याकडे.

मर्डो : काय म्हणाली ती? मला नीट ऐकू आलं नाही.

आयलीन : थंडी वाजतेय म्हणाली. तिचा कोट आणा, बाबा.