परवान्यातली घरं

…आन् वर मलाच म्हनत्यात, "म्हातारे, गप घरी बस!" आता तुमीच सांगा, घरी बसून कुनाचं भलं झालंय? तुमाला सांगते, ही गोजरबाई काय माळ ओढत बसनारी बाई न्हाई. शाळेचं तोंड बघितलं न्हाई मी, पन वाचते! धडाधड वाचते! कशी शिकले? आमचा मच्छिंद्र लहान असताना मी चुलीपाशी भाकरी थापायची, तो समोर बसून पुस्तक स्वतःकडं धरून वाचायचा, आन् मी पलीकडनं बघायची… म्हंजी अक्षरं मला आधी उलटीच आली! सुलट वाचताना अजून अडखळते, पन उलटं? पान्यासारखं! हसता काय? वाचता येतं, हा काय माझा गुन्हा हाय?

तर तो मच्छिंद्र आता गवंडी. बापासारखाच. त्यानं कोपरा काढला की ओळंबा लावनाराला लाज वाटावी. पन यंदाच्या दुष्काळात काम कुठलं? प्यायला पानी न्हाई, चुना कालवायला कोन देतंय! हाताखालची मानसं पांगली. एक दिवस ताटावर बसून, मान खाली घालून म्हनतो, "आई, सोमवारपासनं मी सुप्याच्या रस्त्यावर खडी फोडायला जातो. दुष्काळाचं सरकारी काम हाय." खडी! अवो, ज्या हातानं महिरपी वळवल्या त्या हातानं खडी? एकदा हातोड्यानं हात जड झाला की थापी पुन्हा हलकी धरता येत न्हाई, मी गवंड्याची बायको हुते, मला सांगू नका! म्हनलं, थांब. सोमवार अजून लांब हाय.

आन् मला सुचलं! घर बांधायचं तर नगरपालिकेचा परवाना लागतो का न्हाई? मग कोन बांधनार, हे साऱ्या नगरच्या आधी कुनाला कळतं? परवान्याच्या वहीला! बाकीचे गवंडी चौकात बिड्या ओढत गिऱ्हाइकाची वाट बघत्यात, आपन थेट मुळालाच हात घालायचा. गेले. तिथं कारकून सहादेवराव. "काय मावशी, नकाशा आनलाय का?" म्हनलं, "न्हाई बाबा, ऊन लई हाय, जरा टेकते." टेकले की त्याच्याच टेबलापुढं! तो वही स्वतःकडं धरून लिहितोय, आन् मी पलीकडनं… नाव, गल्ली, किती मजले, सगळं पाठ! त्याला वाटलं, म्हातारी डुलक्या खातीय.

दुसऱ्या दिवशी नाकावर चष्मा, बगलेत छत्री, हातात मच्छिंद्राचा मोजायचा टेप. गवंड्याची आई रिकाम्या हातानं जाईल व्हय? पयलं नाव बन्सीशेठ, दाळमंडईतला व्यापारी. दुकानात उभी राहून खनखनीत म्हनलं, "शेठ, तुमच्या दोन मजल्यांना गवंडी ठरला का?" शेठ पांढराफटक! मला आत ओढून कानात म्हनतो, "आजीबाई, हळू! घर कुनाला बांधायचंय? परवाना दाखवला की सिमेंटचं परमिट मिळतं. पोती आली, चढ्या भावानं गेली, विषय संपला!" म्हंजी घर कागदावर, आन् सिमेंट भलत्याच्याच भिंतीत!

बरं, म्हनलं, एक तसा निघाला. माळीवाड्यात गेले. अंगन मोजायला टेप सोडला न सोडला तोच आतनं एक बाई केरसुनी घेऊन बाहेर, झुंबरबाई नाव, त्या घराची भाडेकरीन. "आली का मालकाची मानसं! पाडून नवं बांधतो म्हनून परवाना काढलाय मेल्यानं! एक वीट लावनार न्हाई तो, नुसता कागद फडकावून आमाला हाकलायला बघतो!" मी म्हनलं, अगं बाई, मी गवंड्याची आई… "गवंड्याची अस न्हाई तर गव्हर्नराची अस!" बसली की केरसुनी पाठीत! वाचता येतं, हा काय माझा गुन्हा हाय?

तिसरे राधाकृष्ण मास्तर, तोफखान्यात. गरीब मानूस, च्या पाजला. म्हनलं, इथं जमनार! तर परवाना भिंतीवर, काचेच्या चौकटीत, खाली उदबत्ती! "काय करू मावशी, पोराला स्थळं येत न्हाईत. पाव्हने आले की हे दाखवतो, घर होनार हाय म्हनून. लग्न जमल्यावर बघू." आन् मलाच इचारतो, "तुमच्या बघन्यात हाय का एखादी मुलगी?"

आता ऐका. ज्यांनी परवाना काढला त्यांना बांधायचं न्हाई, आन् ज्यांना खरंच बांधायचंय ते परवाना काढतच न्हाईत! गोनपाटाचे पडदे लावून गपचूप भिंती उठवत्यात! हे मला कुनी सांगितलं का? उलट गावभर बोभाटा, की नगरपालिकेनं एक म्हातारी नेमलीय, चष्मेवाली, टेप घेऊन हिंडती, सगळे परवाने तिला तोंडपाठ!

शनिवारी झेंडीगेटात गेले, चौथ्या नावासाठी. गल्लीत पाय टाकला आन् माडीवरनं एक पोरगं वरडलं, "आली! नगरपालिकेची म्हातारी आली!" अवो, काय ती पळापळ! घमेली पडली, शिडी पडली, बिनपरवान्याचं बांधनाऱ्या अलीमभाईच्या घरामागच्या भिंतीवरनं गवंडी धपाधप उड्या मारायला लागले, आन् शेवटची उडी पडली ती थेट माझ्यापुढं… चुन्यानं माखलेला… माझाच मच्छिंद्र! माझ्या तोंडातनं गेलंच, "अरे मच्छिंद्रा, तू हितं?"

झालं! अलीमभाई छातीला हात लावून खाली आला. "या अल्ला! तुम इसको नाव से पहचानती? खबर द्यायला आतमंदी मानूस ठेवला क्या?"

"अरं बाबा, मी आई हाय त्याची!"

"वही तो!" म्हनाला, आन् काम बंद!

वाटेनं मच्छिंद्राला मी म्हनलं, "काम मिळालं हुतं तर सांगायचं न्हाई व्हय रे?" तर म्हनतो, "सांगितलं असतं तर तू बघायला आली असतीस, आई." आता तुमीच सांगा, मी त्याला काम शोधत हुते का त्याचं काम मोडत हुते? वाचता येतं, हा काय… जाऊ द्या.

सोमवारी उठला, हातोडा घेतला, भाकरी फडक्यात बांधली. मी चष्मा नाकावर चढवला. म्हनलं, "मच्छिंद्रा, मी बी येऊ का रे संगं?"

उंबऱ्यातनं हात जोडले त्यानं. "नको आई. दुष्काळाचं तेवढं एक काम चालू हाय, ते तरी चालू राहू दे."