बाजूनं दिसणारा टीव्ही

नागेंद्र : असं कडेला थांबून नका बघू की ओ, अज्जा. या, या, समोर या. टीव्ही समोरनं बघायचा असतो.

आप्पा : मी हितनंच बघतो. ह्यो पांढरा पडतोय बघ. माणसांच्या तोंडाला राख फासल्यागत दिसायलंय.

नागेंद्र : एवढ्या कडेनं बघितलं तर पडणारच की थोडा. मॅडम, तुम्ही तरी सांगा ह्यांना. वडील ना री?

नीलम : सासरे. आप्पा, इकडं या ना. खुर्ची आहे इथं.

आप्पा : ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. तू बस. पोरगी खांद्यावर हाय, उभ्यानं पाठ धरंल तुझी. आन् तू पोरा, आवाज बंद कर त्येचा.

नागेंद्र : आवाजच तर ऐकायचाय, अज्जा! ह्याचा स्पीकर बघा कसला आहे, दाराच्या कड्या हलतात.

आप्पा : हलू दे. तू बंद कर. पोरगी झोपलीया.

नागेंद्र : आय्तु, झालं बघा, बंद केला. हं, मॅडम. हॉल केवढा आहे?

नीलम : फार मोठा नाही. कंग्राळीला घर आहे आमचं, स्लॅबचं. सोफा आणि टीव्हीची भिंत, ह्यात इथून त्या फ्रिजपर्यंत अंतर असेल.

नागेंद्र : मग त्रेचाळीस इंची बास. पन्नास घेतलात तर मान फिरवून फिरवून बघावं लागेल, टेनिसची मॅच बघितल्यासारखं. आत्ता कुठला आहे?

नीलम : जुना बत्तीस इंची. मधोमध उभी रेघ आलीय त्याला. दोन पैलवान रेघेच्या दोन बाजूंना. भिडलेलं दिसतच नाही. आप्पांना कुस्तीची आवड, म्हणून हे म्हणाले, आप्पांनाच घेऊन जा, त्यांच्या पसंतीनं घ्या. ह्यांची उद्यमबागच्या कारखान्यात शिफ्ट वाढली.

नागेंद्र : मग अज्जांनाच विचारायला पाहिजे की. अज्जा, रंग कसा वाटतो? लाल बघा, हिरवा बघा.

आप्पा : रंग बरा हाय. खालची अक्षरं मोठी येतात काय बातम्यांची?

नागेंद्र : चॅनेलवाले टाकतात तेवढीच येणार. पण वाचायची काय गरज? बातम्या ऐकायच्या.

आप्पा : ऐकायचं न्हाय मला. वाचायचंय.

नागेंद्र : कानाला कमी येतं काय तुम्हाला?

आप्पा : छ्या! कान खणखणीत हायेत. फौंड्रीत इतकी वर्सं काढली तरी कान शाबूत ऱ्हायले, नशीबच म्हणायचं. संध्याकाळी पोरगी झोपते, तवा आवाज बंद असतोय. मी नुसतं बघतो. कुस्तीला आवाज कशाला पाहिजे? पट काढलेला काय कानानं कळतोय?

नागेंद्र : हे मात्र खरं!

नीलम : तसं काही नाही हो. आवाज लावला तर चालतो. आप्पा, तुम्ही कधी म्हणालाच नाहीत.

आप्पा : आता ह्येच्यात म्हणायचं काय? बरं, बाहीरचं लाइट पडल्यावर काचेत चमकतोय काय ह्यो?

नागेंद्र : बाहेरचं म्हणजे?

आप्पा : रस्त्यावरचा खांब. आमच्या दाराम्होरंच हाय. दिवं लागलं की जुन्या टीव्हीत निम्मा खांबच दिसतोय.

नागेंद्र : हॉलमध्ये रस्त्यावरचा खांब कसा दिसेल, अज्जा? टीव्ही कुठं लावलाय तुम्ही?

नीलम : खिडकीतून येतो उजेड थोडा. पडदा लावला की झालं.

आप्पा : पडदा लावल्यावर मला काय दिसंल गं?

नीलम : आप्पा...

नागेंद्र : थांबा थांबा, मला समजू दे. अज्जा, तुम्ही बसता कुठं?

आप्पा : भाईर. खिडकीखाली कट्टा हाय की. तिथनं सरळ न्हाय, जरा तिरपं दिसतंय. म्हणून तर कडेनं बघायलोय.

नागेंद्र : म्हणजे घर तुमचं, टीव्ही तुमचा, आणि तुम्ही गेटावरच्या वॉचमनसारखं बाहेरनं बघता? हा हा! पावसाळ्यात छत्री धरता काय?

आप्पा : पावसात पत्र्याखाली सरकून बसतो. तिथनं निम्माच दिसतोय. पर निम्म्यातबी कळतंय, कुस्ती कुणी मारली त्ये.

नीलम : त्यांना बाहेर वारा लागतो ना. मोकळ्यावर बसायची सवय आहे त्यांना. पहिल्यापासून.

आप्पा : ...व्हय. वारं लागतंय तिथं.

नागेंद्र : मग तसं सांगायचं की आधी! अज्जा, तो मधला बघा. त्याचा पडदा वेगळा असतो, चारी बाजूंनी सारखा दिसतो. हा पहिला समोरनं त्याच्यापेक्षा चांगला, काळा रंग एकदम गडद. पण बाजूनं तो.

आप्पा : मी बगून येतो भाईरनं.

नागेंद्र : बाहेरनं?

आप्पा : तुझ्या काचेतनं. फूटपाथवर उभा ऱ्हातो. माझ्या कट्ट्याएवढंच लांब पडंल. दोन्हीवर कुस्ती लावून ठेव तेवढी.

(आप्पा दुकानाबाहेर जातात आणि काचेपलीकडे, पार्क केलेल्या मोटारसायकलींच्या मधे उभे राहतात.)

नागेंद्र : बघा तरी! लोक थांबून बघायलेत त्यांना. भारी आहेत हो तुमचे अज्जा. मला वाटलं, कानाचा काहीतरी प्रॉब्लेम. मॅडम? पाणी देऊ काय?

नीलम : नको.

नागेंद्र : मी चेष्टेनं म्हणालो, वॉचमन वगैरे. मनाला लावून घेऊ नका.

नीलम : नाही. तुम्ही कुस्ती लावा. ते थांबलेत. मी एक फोन करते.

नागेंद्र : करा की. मी रिमोट शोधतो.

नीलम : हॅलो... हो, दुकानातच आहे. नाही, घेतला नाही अजून. अहो, एक सांगा. आप्पांचा खोकला होता बघा, आपली भैरवी पालथी पडायच्याही आधी... हां, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, आठ दिवस बाळापासून लांब ठेवा. ते तुम्ही आप्पांना सांगितलंत. बरोबर? मग आठ दिवसांनी, आता या म्हणून कुणी सांगितलं?... मला वाटलं, तुम्ही सांगितलं असेल... मी? मी कशी सांगणार, मामंजींना? निरोप तुम्ही दिला होता, परत बोलावणंही तुम्हीच... नाही, भांडत नाहीये. हळू बोलतेय, ती झोपलीय... अहो, पोरगी आता पळते घरभर! आणि ते अजून कट्ट्यावर. पत्र्याखालून निम्मा टीव्ही बघतात म्हणे. तुम्हाला ठाऊक होतं?... आवडतं त्यांना? असं मीही आत्ता त्या माणसाला सांगितलं. वारा लागतो म्हटलं. आणि आप्पा हो म्हणाले, माझ्यासाठी... ऐका ना. खरं सांगू? माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. एकदोनदा आलं होतं. पण मला सोयीचं पडत होतं. हिला पाजताना पदर सावरायला नको. पाय वर घेऊन बसता येतं. ते खाकरले की उठायला नको. मग म्हटलं, बसलेत तर बसू देत... नाही, रडत नाहीये. ठेवते. ते येतायत आत.

आप्पा : ठरलं बघ! त्यो मधला. रस्त्यावरनंसुदीक टकाटक दिसतोय. एक गाडीवाला थांबला, म्हणाला, कुठली कुस्ती ओ? म्हणलं, ठावं न्हाय, टीव्ही बघायलोय मी. येडाच समजला मला.

नागेंद्र : मग मधला फायनल? काढू काय बॉक्स?

नीलम : दोन मिनिटं थांबा हं. आम्ही सांगतो.

नागेंद्र : सावकाश. मी गोडाऊनमध्ये कुठला शिल्लक आहे बघून येतो तोवर.

आप्पा : काय झालं? म्हाग हाय काय त्यो?

नीलम : नाही. तो नको.

आप्पा : का गं? चांगला दिसतोय की.

नीलम : तो बाजूनं बघणाऱ्यांसाठी आहे.

आप्पा : मग मी बाजूनंच बघतो की.

नीलम : आप्पा, डॉक्टर आठच दिवस म्हणाले होते.

आप्पा : आं?

नीलम : तुमचा खोकला होता तेव्हा. आठ दिवस लांब राहा, मग चालेल, असं म्हणाले होते. आम्ही पुढचं तुम्हाला सांगितलंच नाही. ना ह्यांनी, ना मी.

आप्पा : ठावं हाय मला.

नीलम : काय ठाऊक आहे?

आप्पा : आठ दीस त्ये. त्याच डाक्टरकडनं मी बीपीची गोळी आणत हुतो न्हवं का. त्येनंच इचारलं एकडाव, काय ओ, नातीला खेळवता का न्हाय, बंदी उठली की तुमची. मी म्हणलं, खेळवतो की. सोडतच न्हाय म्हणलं, दाढी वडते माझी.

नीलम : असं म्हणालात तुम्ही?

आप्पा : मग काय सांगायचं त्येला? घरातलं भाईर कशाला?

नीलम : मग आत का नाही आलात, आप्पा? घर तर तुमचं आहे.

आप्पा : घर माझं हाय, म्हणून मनाला वाटंल तवा आत शिरायचं व्हय? लेकुरवाळी पोर बसलेली असते तिथं. जा म्हणल्यावर ग्येलो. या म्हणलं असतं तर आलो असतो. तेवढंच. त्येच्यात राग न्हाय कसला.

नीलम : राग धरला असतात तर बरं झालं असतं.

आप्पा : अगं, येडी का काय तू? दुकान हाय ह्ये. डोळं पूस. त्यो पोरगा ईल आता.

नीलम : मगाशी मी वारा म्हणाले. तुम्ही हो म्हणालात.

आप्पा : परक्या माणसाम्होरं सुनेला खोटं पाडू व्हय मी? आन् वारं लागतंयच की थोडं थोडं. थंडीत जरा जास्तीच लागतंय.

नीलम : हसवू नका, आप्पा. मला लाज वाटतेय.

आप्पा : मलाबी वाटतीया. त्या डाक्टरला खोटं सांगितलं, तवापासनं त्येच्याकडं बघवत न्हाय मला. गोळ्या घ्यायला बी शेजारच्या परशरामला धाडतोय आता.

नागेंद्र : हां, मॅडम. दोन्ही आहेत स्टॉकमध्ये. मधला काढू ना?

नीलम : नाही. हा पहिला द्या.

नागेंद्र : हा? मॅडम, मी आधीच सांगतो, हा बाजूनं पांढरा पडणार. उद्या अज्जा माझ्या नावानं शंख करतील. बदलून मिळणार नाही मग.

नीलम : चालेल. समोरूनच बघायचाय सगळ्यांनी.

आप्पा : अगं, नीट इचार कर. मी आपला एखाद्या दिवशी भाईर बसलो तर?

नीलम : बसा की. मग त्या दिवशी टीव्ही नाही.

नागेंद्र : लई कडक आहेत हो तुमच्या सूनबाई, अज्जा!

आप्पा : निपाणीची हाय ती. तंबाखूच्या गावची.

नागेंद्र : आय्तु. मग भिंतीवर किती उंच लावायचा? माणूस येईल उद्या, त्याला लिहून देतो. सोफ्यावर बसणार ना सगळे?

नीलम : आप्पा, तुम्ही कुठं बसाल?

आप्पा : मला इचारतीस?

नीलम : मग कुणाला विचारू?

आप्पा : सोफ्यावर मला अवघडल्यागत हुतंय. मी आपला खाली बसंन, भिंतीला टेकून. पोरगीबी खालीच खेळते न्हवं का.

नीलम : मग जरा खाली लावायला सांगा.

नागेंद्र : खाली लावला तर बाळ हात मारेल हो स्क्रीनला.

नीलम : आप्पा असतील जवळ. बघतील ते.

नागेंद्र : बरं. सही करा इथं. आणि मोबाइलवर एक नंबर येईल, तो सांगा मला. नाही, नाही, मॅडम, एका हातानं नका, फोन पडेल. बाळाला खुर्चीवर ठेवता काय?

नीलम : खुर्चीवरून पडेल ती. आप्पा, हिला घेता जरा?

आप्पा : मी?

नीलम : तुम्ही.

आप्पा : उठंल गं ती. माझी सवं न्हाय तिला.

नीलम : उठली तर उठू दे.

आप्पा : थांब. तशीच थांब जरा. ए पोरा, नळ कुठं हाय रं तुझ्यात? आदी हात धुऊन येतो.